पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाची गोळी: एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी पायरी-पायरीने

सिनॉप्सिस लिहायची वेळ आली की फार्मास्युटिक्स विभागात एक विषय हमखास निघतो: अमुक औषधाचं डिसोल्यूशन, म्हणजे द्रवात विरघळण्याचा वेग, वाढवणे. बहुतेक वेळा तंत्र आधीच ठरलेलं असतं. मागच्या बॅचने सॉलिड डिस्पर्शन (पाण्यात विरघळणाऱ्या वाहकात औषध बारीक विखरून टाकणं) केलं, त्यासाठीचं पीव्हीपी हे पॉलिमर लॅबमध्ये शिल्लक आहे, म्हणून आपणही सॉलिड डिस्पर्शन करायचं. मग सहा महिने नऊ-नऊ बॅचेस बनत राहतात आणि व्हायव्हाला परीक्षक विचारतात, "हेच तंत्र का?" तेव्हा उत्तर सापडत नाही.

मी हे काम आधी कॉलेजात आणि नंतर फॉर्म्युलेशन विभागात केलं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे: औषध का विरघळत नाही हे आधी मोजून शोधा, तंत्र त्यानंतर निवडा. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

## १. सुरुवातीलाच जमवायच्या गोष्टी

कागदपत्रं:

- औषधाचा सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस, म्हणजे सीओए. बॅच नंबर आणि पार्टिकल साइझ त्यावर आहे का ते बघा.
- सेफ्टी डेटा शीट.
- कॉलेजच्या लेटरहेडवर, गाईडच्या सहीचं गिफ्ट सँपल मागणारं पत्र. किती ग्रॅम हवं आणि कशासाठी, हे त्यात स्पष्ट लिहा.
- फार्माकोपियातला (औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथातला) त्या गोळीचा मोनोग्राफ. इंडियन फार्माकोपियात नसेल तर अमेरिकेच्या यूएसपी किंवा ब्रिटनच्या बीपीमधला.

उपकरणं: शेकर वॉटर बाथ, पीएच मीटर, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर (एचपीएलसी मिळालं तर उत्तम), रोटरी टॅब्लेट प्रेस, हार्डनेस टेस्टर, फ्रायबिलेटर, डिसइंटिग्रेशन आणि डिसोल्यूशन अपॅरेटस. डीएससी (तापवताना नमुना कधी वितळतो ते दाखवणारं) आणि एक्सआरडी (नमुन्यात स्फटिक आहेत का ते क्ष-किरणांनी दाखवणारं) ही उपकरणं फार थोड्या कॉलेजांत असतात, त्यामुळे नमुने बाहेर पाठवावे लागतात. आयआयटी मुंबईच्या 'सैफ'सारख्या केंद्रांत पैसे भरून तपासणी होते, पण तिथे रांग असते. नंबर आधीच लावून ठेवा.

औषध मागताना हात आखडता घेऊ नका. दहा ग्रॅममध्ये सोल्युबिलिटीचं (औषध जास्तीत जास्त किती विरघळतं ते मोजण्याचं) काम होईल, गोळ्यांपर्यंत पोहोचता येणार नाही. शिवाय अर्ध्या वाटेवर दुसऱ्या बॅचचं औषध आलं आणि त्याची पार्टिकल साइझ वेगळी निघाली, तर आधीच्या निकालांशी तुलनाच उरत नाही. सगळं काम शक्यतो एकाच बॅचवर करा.

## २. सोल्युबिलिटी स्वतः मोजा

पुस्तकात 'प्रॅक्टिकली इन्सोल्युबल' लिहिलेलं असतं. त्यावर थांबू नका, तुम्हाला आकडा हवा आहे.

पीएच १.२, ४.५ आणि ६.८ चे बफर घ्या, साधं पाणीही घ्या. प्रत्येकात जास्तीचं औषध टाकून ३७ अंशांवर निदान २४ तास हलवत ठेवा. ४८ तासांनी पुन्हा नमुना घ्या. दोन्ही आकडे जुळले तरच समतोल आला असं माना. शेवटी दोन गोष्टी तपासा, कारण नेमक्या त्याच राहून जातात: द्रवाचा पीएच सुरुवातीइतकाच आहे का, आणि तळाशी न विरघळलेलं औषध दिसतं आहे का. तळ स्वच्छ असेल तर तुम्ही मोजलेली ती सोल्युबिलिटी नव्हे, तुम्ही टाकलेलं औषध फक्त संपलं आहे.

आता एक भागाकार. बायोफार्मास्युटिक्स क्लासिफिकेशन सिस्टीम, म्हणजे बीसीएस, १९९५ साली गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिच्यात औषधाचा सर्वांत मोठा डोस २५० मिली द्रवात, पीएच १.२ ते ६.८ च्या सगळ्या टप्प्यांवर विरघळतो का हे बघतात. समजा डोस ४० मिग्रॅ आहे आणि सर्वांत कमी सोल्युबिलिटी ०.०१ मिग्रॅ प्रति मिली. ४० भागिले २५० म्हणजे ०.१६, आणि त्याला ०.०१ ने भागलं की १६. हा झाला डोस नंबर. तो १ च्या वर असेल तर औषध कमी विरघळणारं. तुमच्यापुढचं अंतर सोळापट आहे की दीडपट, हे या आकड्यावरून कळतं. दीडपटीसाठी महिनोन्महिने स्प्रे ड्रायर चालवायची गरज नसते.

औषध आतड्याचं अस्तर सहज ओलांडत असेल तर ते क्लास २, तेही जमत नसेल तर क्लास ४. प्रोजेक्टसाठी क्लास २ निवडा. क्लास ४ मध्ये डिसोल्यूशन कितीही वाढवलं तरी पुढचा अडथळा तसाच राहतो.

## ३. अडथळा कोणता आहे ते ओळखा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

१८९७ मध्ये नॉइस आणि व्हिटनी यांनी विरघळण्याच्या वेगाचं समीकरण मांडलं. पुढे त्यात पृष्ठभागाचं क्षेत्रफळ आणि कणाभोवतीच्या स्थिर थराची जाडी आली. त्या समीकरणातला प्रत्येक घटक ही हात घालायची एक जागा आहे. औषध हातात घेऊन चार प्रश्न विचारा.

पावडर भिजते का? चिमूटभर औषध पाण्यावर टाका. ते वर तरंगत राहिलं आणि ०.१ टक्का पॉलिसॉर्बेट ८० च्या द्रावणात मात्र लगेच खाली गेलं, तर भिजणं हा मोठा अडथळा आहे. अशा वेळी ग्रॅन्युलेशनच्या (पावडरचे दाणे बनवण्याच्या) द्रवात सोडियम लॉरिल सल्फेट किंवा पोलोक्सामर १८८ यांसारखं थोडं सर्फॅक्टंट (भिजायला मदत करणारं द्रव्य) टाकून बराच फरक पडतो.

पीएचप्रमाणे सोल्युबिलिटी बदलते का? दुसऱ्या पायरीचा तक्ता समोर ठेवा. कीटोकोनॅझोल क्षारधर्मी आहे, पोटातल्या आम्लात विरघळतं. रुग्णाने सोबत अँटासिड घेतलं की त्याचं शोषण घटतं ते याचमुळे. ग्लिबेनक्लामाइड उलट, आम्लधर्मी आहे. टेल्मिसार्टन मात्र नीट अभ्यासण्यासारखं औषध आहे. घरोघरी असणारी ही बीपीची गोळी. पीएच ३ ते ९ या पट्ट्यात ते जवळपास विरघळत नाही, हायड्रोक्लोरिक आम्लातही नाही, तीव्र अल्कलीत मात्र विरघळतं. म्हणून मूळ ब्रँडच्या गोळीत सोडियम हायड्रॉक्साइड आणि मेग्लुमिन घातलेलं आहे. गोळी भिजली की कणांच्या लगतचा पीएच वर चढतो आणि औषध सुटतं. यात नॅनो काही नाही, महागडं पॉलिमर नाही. अडथळा पीएचचा होता, उपायही पीएचचाच केला. त्याची किंमतही आहे: ही गोळी हवेतली ओल ओढते, म्हणून ती घ्यायच्या क्षणापर्यंत पॅकमधून काढू नये अशी सूचना असते.

कणाचा आकार मोठा आहे का? मायक्रोस्कोपखाली बघा. फेनोफायब्रेटवर पीएचचा परिणाम होत नाही, कारण त्याचं आयनीकरणच होत नाही. तिथे आकारावर काम झालं. औषधाच्या दुकानात त्याचे १६० आणि १४५ असे वेगवेगळे आकडे दिसतात. १४५ मिग्रॅची गोळी नॅनोक्रिस्टलच्या (अतिसूक्ष्म स्फटिकांच्या) तंत्राने आली आणि ती जेवणासोबतच घ्यायची अट राहिली नाही.

स्फटिकच फार घट्ट बांधलेला आहे का? मेल्टिंग पॉइंट २०० अंशांच्या वर असेल आणि पाण्यासोबतच सेंद्रिय द्रावकांतही औषध नाखुशीनेच विरघळत असेल, तर स्फटिकाची बांधणी मोडावी लागेल. सॉलिड डिस्पर्शनची खरी जागा ही.

चारही प्रश्नांची उत्तरं सिनॉप्सिसमध्ये लिहा. परीक्षकांच्या "हेच का?" चं उत्तर तिथेच तयार होतं.

## ४. तंत्र निवडा, पण आधी गोळीचं वजन काढा

कण बारीक करणे. सगळ्यात साधा आणि कारखान्यात सहज चालणारा मार्ग. व्यास दहावा हिस्सा झाला की तेवढ्याच वजनाचं क्षेत्रफळ दहापट होतं. अडचण अशी की फार बारीक, पाण्याला न जुमानणारी पावडर एकमेकांना चिकटते. बेसन एकदम पाण्यात ओतल्यावर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात, अगदी तसंच. म्हणून मायक्रोनाइज्ड औषध लॅक्टोज किंवा मॅनिटॉलसारख्या पाणीप्रिय एक्सिपियंटबरोबर (औषधाखेरीजच्या घटकाबरोबर) थोडं-थोडं मिसळत जा.

क्षार (सॉल्ट) बनवणे. औषध आणि प्रतिआयन (क्षारातला त्याचा जोडीदार) यांच्या पीकेएमध्ये (आम्ल-अल्कली बलाच्या आकड्यामध्ये) पुरेसा फरक, साधारण २ ते ३ चा, असेल तर विचार करा. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये नवा क्षार बनवून सिद्ध करणं जड जातं. पीएच मॉडिफायर घालून बघणं सोपं.

सायक्लोडेक्स्ट्रिन. हे साखरेच्या रेणूंचं कडं, औषध त्याच्या पोकळीत बसून कॉम्प्लेक्स होतं. आधी हिग्युची आणि कॉनर्स यांच्या १९६५ च्या पद्धतीने फेज सोल्युबिलिटीचा (सायक्लोडेक्स्ट्रिन वाढवत नेलं की किती औषध विरघळतं याचा) आलेख काढा. रेषा सरळ वर गेली तर तिच्या उतारावरून कॉम्प्लेक्स किती घट्ट आहे त्याचा स्थिरांक मिळतो. त्यानंतर वजनाचा हिशेब. बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनचं रेणुभार ११३५ आहे. औषधाचं ३५० धरा. एकास एक कॉम्प्लेक्स असेल तर ४० मिग्रॅ औषधाला सुमारे १३० मिग्रॅ बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन लागेल. चालेल. डोस ४०० मिग्रॅ असेल तर जवळपास १३०० मिग्रॅ लागेल, आणि अशी गोळी कोणी गिळणार नाही. हा भागाकार पहिल्याच दिवशी करा.

सॉलिड डिस्पर्शन. सेकिगुची आणि ओबी यांनी १९६१ मध्ये सल्फाथायाझोल युरियाबरोबर वितळवून ही वाट दाखवली. आज पीईजी ६०००, पीव्हीपी के-३०, कोपोव्हिडोन, एचपीएमसी, सोलुप्लस हे वाहक नेहमीचे. बाजारात याची भक्कम उदाहरणं आहेत. एचआयव्हीवरच्या लोपिनाविर-रिटोनाविरच्या कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत. २००५ मध्ये हॉट मेल्ट एक्स्ट्रुजनने (औषध आणि पॉलिमर एकत्र वितळवून दाबून बाहेर काढण्याच्या पद्धतीने) कोपोव्हिडोनमध्ये बनवलेल्या गोळ्या आल्या, फ्रिजची गरज संपली आणि दिवसाच्या सहा कॅप्सूलऐवजी चार गोळ्या पुरू लागल्या.

वजनाचा नियम इथेही तोच. ४० मिग्रॅ औषध, १:५ प्रमाण, म्हणजे २४० मिग्रॅ डिस्पर्शन. बाकी एक्सिपियंट धरून ४५० मिग्रॅपर्यंत गोळी बसते. डोस १५० मिग्रॅ असेल तर १:५ विसरा, १:१ किंवा १:२ वर काय मिळतं ते बघा.

## ५. डिस्पर्शन बनवणे आणि तपासणे

मेल्ट पद्धतीत पीईजी ६००० साधारण ६० अंशांच्या आसपास वितळतं. त्यात औषध मिसळा, भांडं बर्फात ठेवून झटकन थंड करा, डेसिकेटरमध्ये ठेवा, मग दळून ६० नंबरच्या चाळणीतून चाळा. सॉल्व्हंट पद्धतीत औषध आणि पॉलिमर दोन्ही विरघळतील असा द्रावक हवा. मिथेनॉल किंवा डायक्लोरोमिथेन वापरलंत तर शेवटी किती उरलं ते दाखवावं लागेल. औषधांची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या आयसीएचची मर्यादा मिथेनॉलसाठी ३००० पीपीएम आणि डायक्लोरोमिथेनसाठी ६०० पीपीएम आहे.

दोन गोष्टी न चुकता करा.

एक, फिजिकल मिक्श्चर. तेच प्रमाण, तीच चाळणी, फक्त वितळवणं किंवा विरघळवणं नाही. हा कंट्रोल नसेल तर वाढ डिस्पर्शनमुळे झाली की निव्वळ पॉलिमर शेजारी असल्यामुळे, हे सांगता येत नाही. कधी कधी फिजिकल मिक्श्चरच पुरेसं ठरतं. तो निकाल लपवू नका. कारखान्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात उपयोगी निकाल असतो.

दोन, फक्त डीएससीवर विसंबू नका. पीईजीमध्ये औषधाचा मेल्टिंग पीक गायब दिसला की 'औषध अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेलं) झालं' असं लिहून टाकतात. पण डीएससीत तापमान चढत असताना पीईजी आधी वितळतं आणि औषध त्या वितळलेल्या पीईजीत विरघळून जातं. नमुन्यात स्फटिक असूनही पीक दिसत नाही. एक्सआरडी काढा, दोन्ही शेजारी ठेवा, मग निष्कर्ष लिहा.

## ६. पावडरची गोळी करताना मिळवलेलं घालवू नका

बरेच प्रबंध पावडरचं डिसोल्यूशन दाखवून थांबतात. रुग्ण पावडर घेत नाही. पॉलिमरचं प्रमाण जास्त असलेलं डिस्पर्शन दाबलं की पीव्हीपी किंवा एचपीएमसी पाणी लागताच बाहेरून जेलसारखं होतं आणि गोळी फुटण्याऐवजी झिजत राहते. पावडर दहा मिनिटांत ८० टक्के सोडत होती, गोळी तासभर अडून बसते.

यावर जे चालतं ते असं:

- सुपर-डिसइंटिग्रंट (गोळी पटकन फोडणारा घटक) विभागून घाला, अर्धं ग्रॅन्युलच्या आत, अर्धं बाहेर. क्रॉसपोव्हिडोनपासून सुरुवात करा, कारण त्यावर आयनिक भार नाही. क्रॉसकार्मेलोज सोडियम आणि सोडियम स्टार्च ग्लायकोलेट आम्लात कमी फुगतात, आणि क्षारधर्मी औषध त्यांना चिकटू शकतं.
- डिस्पर्शन गोळीच्या निम्म्याहून बरंच कमी ठेवता आलं तर ठेवा. उरलेल्या जागेत मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आणि मॅनिटॉल.
- ओलं ग्रॅन्युलेशन टाळा. पाण्याने अमॉर्फस औषध परत स्फटिक होऊ शकतं. ड्राय ग्रॅन्युलेशन किंवा डायरेक्ट कॉम्प्रेशन बरं.
- मॅग्नेशियम स्टिअरेट ०.५ ते १ टक्का, आणि शेवटची दोन-तीन मिनिटंच. जास्त वेळ मिसळलं की कणांवर त्याचा पाणी झिडकारणारा थर बसतो. सोडियम स्टिअरिल फ्युमरेट हा पर्याय आहे, महाग असला तरी अशा औषधांत उपयोगी.
- हार्डनेसच्या दोन-तीन पातळ्यांवर गोळ्या काढा आणि प्रत्येकीचं डिसोल्यूशन बघा. हार्डनेस वाढल्यावर निकाल कोसळत असेल तर तो फॉर्म्युला मशीनवर टिकणार नाही.

फ्रायबिलिटी (गोळी घासून किती झिजते ते) १०० फेऱ्यांनंतर १ टक्क्याच्या आत हवी. अनकोटेड गोळी १५ मिनिटांत फुटायला हवी. पण गोळी फुटली म्हणजे औषध विरघळलं असं नाही. हे दोन आकडे वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

## ७. डिसोल्यूशन टेस्ट: जिथे निकाल फसवा येतो

पॅडल, ९०० मिली, ३७ अंश अधिक-उणे ०.५, पॅडल तळापासून २५ मिमी वर. एवढं सगळ्यांना येतं. सापळे पुढे आहेत.

सिंक कंडिशन. संपूर्ण डोस विरघळायला जेवढं माध्यम लागतं, त्याच्या निदान तिप्पट माध्यम हवं. ४० मिग्रॅ आणि ९०० मिली असेल तर त्या माध्यमात औषधाची सोल्युबिलिटी सुमारे ०.१३ मिग्रॅ प्रति मिली तरी हवी. नसेल तर सर्फॅक्टंट घालतात, पण लागेल तेवढंच. दोन टक्के लॉरिल सल्फेट घातल्यावर चांगली-वाईट सगळीच गोळी विरघळते आणि तुमच्या फॉर्म्युल्यातला फरक दिसेनासा होतो.

लॉरिल सल्फेट आणि पोटॅशियम. पोटॅशियम फॉस्फेटच्या बफरमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट टाकलंत तर पोटॅशियम डोडेसिल सल्फेटचा पांढरा साका बसतो. सर्फॅक्टंट निघून जातो, फिल्टर तुंबतात. बफर सोडियम फॉस्फेटचा करा.

फिल्टर. औषध फिल्टरला चिकटतं का हे आधीच तपासा: माहीत असलेल्या तीव्रतेचं द्रावण गाळून आणि न गाळता मोजा. सुरुवातीचे काही मिली फेकून द्या. नॅनोकणांवर काम करत असाल तर ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून न विरघळलेले कणही आरपार जातात आणि यूव्हीवर 'विरघळलेले' दिसतात.

यूव्हीची लुडबुड. प्लेसिबो (औषध नसलेली) गोळी त्याच माध्यमात चालवून तिचं यूव्ही शोषण बघा. कॅलिब्रेशन कर्व्ह प्रत्येक माध्यमात वेगळा काढा.

हवेचे बुडबुडे. माध्यम डीगॅस केलं नाही तर बुडबुडे गोळीला चिकटतात, न भिजणाऱ्या पावडरवर तर हमखास. सहा भांड्यांत सहा निकाल येतात.

अमॉर्फस डिस्पर्शनसाठी सर्फॅक्टंटशिवाय, सिंक नसलेल्या माध्यमातही एक टेस्ट करा आणि दोन-तीन तास नमुने घेत राहा. औषध आधी समतोलापेक्षा जास्त विरघळतं आणि पॉलिमरने धरून ठेवलं नाही तर परत खाली बसतं. हे खाली बसणं सिंकमध्ये दिसतच नाही, पण आतड्यात तेच घडू शकतं.

## ८. तुलना आणि दावा

बाजारातल्या गोळीशी तुलना करताना एफ-२, म्हणजे दोन डिसोल्यूशन प्रोफाइल किती सारखे हे सांगणारा आकडा, काढा. प्रत्येकी १२ गोळ्या, शून्य मिनिट सोडून निदान तीन वेगवेगळ्या वेळांचे नमुने, आणि ८५ टक्क्यांच्या पुढचा एकच बिंदू. पुढचे सपाट बिंदू घेत गेलात तर एफ-२ आपोआप फुगतो. ५० ते १०० म्हणजे प्रोफाइल सारखे. दोन्ही गोळ्या १५ मिनिटांत ८५ टक्के सोडत असतील तर एफ-२ ची गरजच नाही.

प्रबंधात 'बायोअव्हेलेबिलिटी वाढली' असं लिहू नका. तुम्ही भांड्यातलं डिसोल्यूशन मोजलं आहे, रक्तातली पातळी नाही. प्राण्यांवर अभ्यास करायचा असेल तर नैतिकता समितीची मंजुरी प्रयोगाआधी लागते आणि ती मिळायला वेळ जातो, त्यामुळे तो अर्ज पहिल्या महिन्यातच टाका.

## ९. स्टॅबिलिटीचं वेळापत्रक उलट मोजत या

अमॉर्फस औषध संधी मिळाली की स्फटिकाकडे परत जातं. पीव्हीपी ओल ओढतं, ओलीने ग्लास ट्रांझिशन तापमान (ज्याच्या वर अमॉर्फस पदार्थ मऊ पडतो ते) खाली येतं आणि रेणूंना हलायला जागा मिळते. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये डिस्पर्शन उघड्या बशीत ठेवून दळू नका. ते चिकट होतं, आणि ते तसं का झालं हे नंतर कोणाला सांगता येत नाही.

पॉलिमॉर्फ (त्याच औषधाचा वेगळा स्फटिकप्रकार) काय करू शकतो याचं उदाहरण रिटोनाविरचं आहे. १९९६ मध्ये औषध बाजारात आलं, १९९८ मध्ये कॅप्सूलमध्ये कमी विरघळणारा नवा स्फटिकप्रकार उगवला, डिसोल्यूशन नापास होऊ लागलं आणि त्या कॅप्सूल मागे घ्याव्या लागल्या.

स्टॅबिलिटीसाठी (गोळी टिकते का ते बघायला) ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रता, ०, १, ३ आणि ६ महिने. प्रत्येक वेळी ॲसे (गोळीत औषध किती आहे ते मोजणं), डिसोल्यूशन आणि एक्सआरडी, तिन्ही. ॲसे जसाच्या तसा आणि डिसोल्यूशन घसरलेलं असेल तर स्फटिक परतले असण्याची दाट शक्यता, आणि ते एक्सआरडीच दाखवतं. गोळ्या ज्या पॅकमध्ये द्यायच्या त्याच पॅकमध्ये ठेवा, एक संच मुद्दाम उघडाही ठेवा. सहा महिने चौथ्या सेमिस्टरमध्ये बसत नाहीत, म्हणून अंतिम फॉर्म्युल्याच्या गोळ्या तिसरं सेमिस्टर संपायच्या आत चेंबरमध्ये गेल्या पाहिजेत. तिथून मागे मोजत येऊन गिफ्ट सँपलच्या पत्राची तारीख ठरवा.